पायाच्या खोदकामातली माती, सिमेंटमध्ये: तीन प्रयोगशाळांच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

काम ठरले. शहरात तळघरे, भुयारी मार्ग आणि इमारतींचे पाये खोदताना निघणारी चिकणमाती भाजायची, आणि तिने सिमेंटमधला किती क्लिंकर (भट्टीत भाजून निघणारे सिमेंटचे मूळ खडे) वाचतो ते पाहायचे. तीन देशांतले तीन गट, तिन्ही गटांच्या प्रमुख संशोधिका. कामाची वाटणी अशी: भाजणी आणि दळण भट्टी गटाकडे, उष्णतेची मोजमापे उष्णता गटाकडे, क्लोराइड (मिठातला, सळई गंजवणारा), कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची काँक्रीटवरची क्रिया) आणि ठोकळे टिकाऊपणा गटाकडे. ताकदीची चाचणी मात्र तिघींकडेही, एकाच पुडीतल्या मालावर. तीन ठिकाणी एकच आकडा येत नाही तोवर तो कुणालाही वापरायला द्यायचा नाही.

मिश्रणाचा पाया एलसी-थ्रीचा (चुनखडी आणि भाजलेली माती घातलेले सिमेंट). म्हणजे ढोबळमानाने ५०% क्लिंकर, ३०% भाजलेली माती, १५% चुनखडी आणि ५% जिप्सम. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रज्ञान विद्यापीठात करेन स्क्रिव्हनर यांच्या गटाने क्यूबा आणि भारतातल्या सहकाऱ्यांसोबत हे मिश्रण उभे केले. त्यात खाणीतली, निवडलेली माती गृहीत असते. आपली माती निवडलेली नाही, खड्ड्यात जे निघाले ते. खरा प्रश्न तिथेच आहे.

१६ जानेवारी

नमुने गोळा झाले. प्रत्येक शहरातून एक माती: मा-१, मा-२, मा-३. प्रत्येकीचे ६० किलो.

ढिगाच्या पृष्ठभागावरून माती उचलायची नाही. वरचा थर उन्हाने वाळलेला आणि पावसाने धुतलेला असतो. ढीग निदान अर्धा मीटर उकरून बारा जागांहून प्रत्येकी ५ किलो घ्यायचे, ताडपत्रीवर कालवायचे, सपाट पसरायचे, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा कालवायचे. हे तीनदा करून जे उरते ते प्रयोगशाळेच्या पिशवीत. बाकीची माती त्याच क्रमांकाने डब्यात जपून ठेवायची.

मा-३ भुयाराच्या यंत्रातून आलेली आहे. तिच्यात फेस आणणारे रसायन आणि थोडे बेंटोनाइट (पाणी शोषून फुगणारी माती) मिसळलेले असते. हाताला साबणासारखी बुळबुळीत लागते. रसायन भट्टीत जळून जाईल. बेंटोनाइट पुढे पाणी मागणार, हे धरून चालायचे.

२८ जानेवारी

कच्च्या मातीच्या पिशव्या दुसऱ्या देशात अडल्या. कच्ची माती म्हणजे बिया, जंतू, किडी येण्याची शक्यता, त्यामुळे तिला वेगळा परवाना लागतो. भाजलेल्या भुकटीला ही अडचण नाही, कारण ८०० अंशातून आलेल्या मालात जिवंत काही उरत नाही. म्हणून क्रम बदलला. प्रत्येक गट आपली माती आपल्याच भट्टीत भाजणार आणि भाजलेली भुकटीच पाठवणार. कागदावर “भाजलेले खनिज चूर्ण, बांधकाम साहित्य चाचणीसाठी” असे स्पष्ट लिहायचे, ‘माती’ हा शब्द एकटा लिहायचा नाही. सोबत सुरक्षा माहितीपत्रक. पिशव्या दुहेरी, आतली हवाबंद: भाजलेली माती हवेतली ओल धरते आणि तिच्या गुठळ्या होतात.

याचा एक परिणाम असा की आता भट्ट्या तीन झाल्या. म्हणजे भाजणीची पद्धत शब्दशः एक असली पाहिजे.

३ फेब्रुवारी

तापवजनमापन (तापवत नेताना वजन किती घटते ते मोजणे) झाले. १०५ अंशांवर वाळवून, ०.५ मिमीखाली दळून, ५० मिलिग्रॅम नमुना नायट्रोजनमध्ये मिनिटाला १० अंशांनी ९५० पर्यंत नेला.

केओलिनाइट (मातीतले, भाजल्यावर क्रियाशील होणारे खनिज) ४०० ते ६०० अंशांच्या दरम्यान आपले पाणी सोडतो. त्या टप्प्यातल्या वजनघटीला ७.१७ ने गुणले की केओलिनाइटची टक्केवारी मिळते (केओलिनाइटचा रेणुभार २५८, सुटणारे पाणी ३६).

मा-१: घट ६.३%, केओलिनाइट ४५%.
मा-२: घट २.६%, केओलिनाइट १९%. शिवाय ६०० ते ८०० अंशांत आणखी ५.३% घट. ती कार्बन डायऑक्साइडची. २.२७ ने गुणून कॅल्साइट (चुनखडीचे खनिज) १२%.
मा-३: घट ४.३%, केओलिनाइट ३१%.

दोन टप्प्यांमधला सरळ फरक घेतला तर मा-३ चा आकडा ३७% येतो. तो फसवा आहे. सेंद्रिय पदार्थ आणि इतर खनिजे त्याच पट्ट्यात हळूहळू वजन सोडत असतात. आलेखाच्या दोन्ही बाजूंना स्पर्शरेषा काढून मधलीच पायरी मोजायची. तिन्ही गटांनी स्पर्शरेषाच वापरायची, असे लिहून ठेवले.

केओलिनाइट ४०% च्या आसपास असेल तर एलसी-थ्री सात दिवसांत साध्या सिमेंटला गाठते. मा-१ त्या रेषेच्या वर, मा-३ खाली, मा-२ फारच खाली.

११ फेब्रुवारी

भाजणी. मफल भट्टी, ८०० अंश, तासभर, असे ठरले होते. पहिली खेप वाया गेली. कारण नोंदवण्यासारखे आहे.

ट्रेमध्ये मातीचा थर ६० मिमी होता. भट्टीचा काटा ८०० दाखवत होता, पण थराच्या मधोमध खुपसलेला तापमापक अर्ध्या तासाने ६४० वरच होता. वाळलेली भुकटी उष्णता फार सावकाश आत नेते, आणि आतून सुटणारी वाफ ती उष्णता खाते. वरची माती विटेसारखी तांबूस, आतली करडी. ट्रे मोडून पाहिला तर दोन्हींच्या मध्ये सुरीने कापावी अशी रेषा.

नवी पद्धत:
थर २० मिमीच्या वर नाही. माती २ मिमीच्या चाळणीतून काढलेली, १०५ अंशांवर रात्रभर वाळवलेली. तापवाढ मिनिटाला १० अंश. थराच्या मधल्या तापमापकाने ७९० गाठल्यावर ६० मिनिटे मोजायला सुरुवात, भट्टीच्या काट्यावरून नाही. मग ट्रे बाहेर काढून पत्र्यावर पसरायचे, भट्टीत निवू द्यायचे नाही.

खेप पास झाली का, हे पुन्हा तापवजनमापनाने तपासायचे. ४०० ते ६०० मधली उरलेली घट ०.५% च्या आत हवी. जास्त असेल तर कच्ची राहिली. उलट ९०० च्या पुढे गेलो तर रचना पुन्हा बांधली जाऊ लागते आणि माती मरते. दिसायला उत्तम, कामाला शून्य.

रंगाबद्दल: मा-१ मध्ये लोह आहे, भाजल्यावर ती गेरूसारखी लाल होते. सिमेंट गुलाबी दिसेल. ताकदीला त्याने काही होत नाही. राखाडी रंगच हवा असेल तर भाजून झाल्यावर माती ३५० अंशांच्या खाली येईपर्यंत प्राणवायू लागू द्यायचा नाही. पण ती सोय मोठ्या भट्टीत करता येते, ट्रेमध्ये नाही. रंगासाठी या प्रकल्पात वेळ घालवायचा नाही.

१४ फेब्रुवारी

दळण. आधी क्लिंकर, माती, चुनखडी एकत्र दळून पाहिले. माती आणि चुनखडी मऊ, त्या पिठासारख्या होतात आणि मिलमधल्या गोळ्यांवर थर धरतात. कडक क्लिंकर मात्र जाडा राहतो. पहिल्या तीन दिवसांची ताकद क्लिंकरच्या बारीकपणावर असते, म्हणजे नेमके नको तेच घडते. यापुढे वेगवेगळे दळायचे आणि शेवटी कोरडे कालवायचे. मातीच्या दळणात ट्रायएथेनॉलअमाइन ०.०३%, नाहीतर भुकटी चिकटून गोळे होतात. ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर उरलेला भाग १०% च्या आत.

१९ फेब्रुवारी

धुळीची नोंद, आणि ही बाजूची नोंद नाही. मातीत ३० ते ५०% क्वार्ट्झ आहे. दळल्यावर त्याचा बारीक अंश थेट फुप्फुसात जातो आणि तिथेच राहतो. तिन्ही प्रयोगशाळांत एकाच मापाचे मुखवटे होते, मोठ्या चेहऱ्यासाठी बनवलेले. मुखवटा घालून, वर टोपडे चढवून, कडू फवारा मारायच्या चाचणीत भट्टी गटातल्या पाचांपैकी तिघींना कडू चव लागली. म्हणजे गालाशी फट आहे आणि मुखवटा नुसता शोभेचा. लहान मापाचे मागवले, पुन्हा चाचणी केली, पाचही पास. तोवर दळणकाम बंद ठेवले. हातमोजेही सहा आणि सात मापाचे मागवले; मोठ्या मोज्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडची बाटली निसटते.

पिशव्या १० किलोच्या पुढे भरायच्या नाहीत. मोठ्या पिशवीतून घमेल्यात ओतताना सर्वात जास्त धूळ उडते.

२६ फेब्रुवारी

आर-थ्री चाचणी लावली. माती सिमेंटमध्ये किती क्रियाशील आहे हे क्लिंकरशिवाय सांगणारी ही चाचणी २०१६ मध्ये ईपीएफएलमधून आली. पुढे अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी मिळून ती तपासली आणि २०२० मध्ये ती एएसटीएम या अमेरिकी प्रमाण संस्थेची सी १८९७ म्हणून प्रमाण झाली.

एका घाण्याचे वजन:
भाजलेली माती ११.११ ग्रॅम
कॅल्शियम हायड्रॉक्साइड ३३.३३ ग्रॅम
कॅल्साइट भुकटी ५.५६ ग्रॅम
पोटॅशियमचे द्रावण ६०.०० ग्रॅम

द्रावण: एक लिटर शुद्ध पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड ४ ग्रॅम, पोटॅशियम सल्फेट २० ग्रॅम. सगळे घटक, भांडे आणि ढवळणीसुद्धा, आदल्या रात्री ४० अंशांवर ठेवायचे. मिनिटाला १६०० फेऱ्यांनी दोन मिनिटे ढवळून त्यातले १५ ग्रॅम काचेच्या कुपीत. कुपी ४० अंशांच्या उष्णतामापकात सात दिवस. पहिली ७५ मिनिटे बेरजेत धरायची नाहीत, ती कुपी स्थिरावण्याची उष्णता असते.

कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा डबा उघडा राहिला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा वरचा थर कॅल्साइट होतो. उघडल्याची तारीख डब्यावर लिहायची, आणि दर खेपेला त्याचेही तापवजनमापन. ५% च्या वर कार्बोनेट दिसले तर डबा बाद.

५ मार्च

सात दिवसांचे आकडे आले. मा-१ साठी दोन गटांकडून ५४० आणि ५२८ जूल प्रति ग्रॅम. तिसऱ्याकडून १२०.

उपकरण तपासा, कुपीचे झाकण तपासा, हे सगळे सुरू होण्याआधी आकड्यांचा भागाकार केला. ५४० भागिले १२० म्हणजे ४.५. घाण्यातले सगळे घन पदार्थ ५० ग्रॅम, त्यातली माती ११.११. ५० भागिले ११.११ म्हणजे ४.५. उत्तर तिथेच होते. कुपीतली उष्णता एकाने मातीच्या ग्रॅमने भागली होती, दुसऱ्याने सगळ्या घन पदार्थांच्या ग्रॅमने. १५ ग्रॅम लगद्यात माती फक्त १.५१५ ग्रॅम असते. कुपीत ८१८ जूल निघाले, ८१८ भागिले १.५१५, बरोबर ५४०.

उपकरणांत काही चूक नव्हती, स्तंभाच्या मथळ्यात होती. ‘जूल प्रति ग्रॅम’ एवढेच लिहिले होते, कशाच्या ग्रॅमला ते नाही. आता मथळा पूर्ण लिहायचा: जूल, भाजलेल्या मातीच्या प्रति ग्रॅमला, ४० अंश, सात दिवस, पहिली ७५ मिनिटे वगळून.

याच निमित्ताने आणखी एक. एका गटाच्या संगणकावर दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, इतर दोघांकडे बिंदू. धारिका उघडताना २,३५० चे दोन हजार तीनशे पन्नास झाले होते. यापुढे स्तंभ वेगळे करायला अर्धविराम, दशांशाला बिंदू, वेळ जागतिक प्रमाणवेळेत. रिकामा क्वार्ट्झ घाणा (मातीच्या जागी निष्क्रिय क्वार्ट्झ) प्रत्येक फेरीत लावायचा. तो काही देता कामा नये. तो काही देत असेल तर बाकीचे आकडे वाचूच नयेत.

दुरुस्तीनंतर, तिघींची सरासरी: मा-१ ५३५, मा-३ ४१०, मा-२ १९०.

१८ मार्च

मा-२ चा आकडा तिच्या केओलिनाइटच्या मानाने फारच कमी वाटला. १९% केओलिनाइट असलेल्या मातीने यापेक्षा जास्त द्यायला हवे. संशय कॅल्साइटवर. ८०० अंशांवर कॅल्साइट फुटतो, त्यातून निघालेला चुना शेजारच्या मातीच्या कणांशी तिथल्या तिथे जुळतो आणि कणांची क्रियाशील पृष्ठे झाकली जातात. नायट्रोजन शोषणाने मोजलेले पृष्ठफळही पडले होते.

म्हणून मा-२ ची तीन तापमानांवर भाजणी: ६५०, ७००, ७५०. तिन्ही दीड तास.

६५० ला उरलेली घट ०.९%, कच्ची. ७५० ला २२०. ७०० ला २६०, उरलेली घट ०.४%, आणि बहुतेक कॅल्साइट शाबूत. मा-२ साठी ७०० पक्के.

कॅल्साइट शाबूत राहिला याचा हिशेब मिश्रणातही धरायचा. ३०% मातीत १२% कॅल्साइट म्हणजे ३.६%. मा-२ च्या मिश्रणात बाहेरून घालायची चुनखडी १५ वरून ११.४% वर आणली आणि तेवढीच भाजलेली माती वाढवली.

२७ मार्च

जिप्समचा हिशेब. साध्या सिमेंटमध्ये आधीच घातलेले जिप्सम त्याच्या स्वतःच्या क्लिंकरपुरते असते. भाजलेल्या मातीचे बारीक पृष्ठ सल्फेटला धरून बसते आणि नवे स्फटिक लवकर उगवू लागतात, त्यामुळे सल्फेट वेळेआधी संपते. ते संपले की क्लिंकरमधल्या ॲल्युमिनेटची क्रिया एकदम उसळते, आणि सिलिकेटची, जिच्यातून खरी ताकद येते, ती दबते.

मा-१ च्या मिश्रणात जादा जिप्सम ०, १, २, ३% घालून २० अंशांवर उष्णता पाहिली.

०%: साडेसात तासांना एकच उंच, टोकदार शिखर. सिलिकेटचे शिखर त्याच्या पोटात गडप.
१%: दोन शिखरे, पण एकमेकांना टेकलेली.
२%: सिलिकेट नऊ तासांना, ॲल्युमिनेट तेरा तासांना. स्वच्छ.
३%: ॲल्युमिनेट अठरा तासांना, पहिल्या दिवसाची ताकद काहीच वाढली नाही.

२% ठरले. अंतिम प्रमाण: साधे सिमेंट ५३, भाजलेली माती ३०, चुनखडी १५, जिप्सम २. प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) बदलला की ही चाचणी पुन्हा करायची, काही प्लास्टिसायझर हे संतुलन हलवतात.

९ एप्रिल

पहिली ओतणी, ताकदीच्या चाचणीच्या ईएन १९६-१ या युरोपीय प्रमाणाप्रमाणे. एका घाण्याला बाइंडर ४५० ग्रॅम (सिमेंट २३८.५, माती १३५, चुनखडी ६७.५, जिप्सम ९), प्रमाण वाळू १३५० ग्रॅम, पाणी २२५ ग्रॅम. साचे ४० × ४० × १६० मिमी, त्यातून निघते ती कांडी. वाळूच्या पिशव्या तिन्ही गटांनी एकाच पुरवठा-खेपेतल्या घेतल्या. मिश्रण घट्ट आले, विशेषतः मा-३. नोंद ठेवली, पाणी वाढवले नाही.

७ मे

२८ दिवस. मा-१ ची ताकद: ५१, ४९ आणि ४२ मेगापास्कल. साध्या सिमेंटचे मात्र तिन्हीकडे ५१ ते ५३.

संदर्भाचा आकडा जुळतो आणि मातीचा जुळत नाही, म्हणजे दाबयंत्र ठीक आहे, चूक मिश्रणाशी निगडित आहे. उत्तर तराजूने दिले. तोडण्याआधी प्रत्येक कांडीचे वजन घ्यायची टिकाऊपणा गटाची सवय. तिघींनी आपापली वजने काढून समोर ठेवली. दोन ठिकाणी कांड्या ५७४ ते ५७७ ग्रॅम. तिसरीकडे ५४६ ते ५५०. आकारमान एकच, २५६ घन सेंमी. म्हणजे तिसऱ्या ठिकाणी जवळजवळ ५% हवा अडकली. मोडलेल्या तोंडावर मसुराएवढी छिद्रे, बहुतेक साच्याच्या खालच्या कोपऱ्यात. एक टक्का हवा साधारण चार-पाच टक्के ताकद नेते, तेव्हा ५१ चे ४२ होणे बरोबर बसते.

कारण: तिथे धक्का-टेबलाऐवजी कंपन-टेबल होते. नियमाने ते चालते, आणि सैल मालाला दोन्ही सारखीच. घट्ट मालाला नाही. साध्या सिमेंटचा पसारा (ओला माल टेबलावर किती पसरतो) १९० मिमी होता, मा-१ चा १३०. इतका घट्ट माल कंपनाने वाहत नाही, जागच्या जागी थरथरतो.

या फेरीतले मातीचे सगळे आकडे बाजूला ठेवले. जुळलेले दोन ठेवून तिसरा टाकायचा, असे करायचे नाही.

१४ मे

दुसरी ओतणी. आता पाणी समान ठेवून पसारा समान करायचा, १८० ते १९५ मिमी. पॉलिकार्बोक्झिलेट प्लास्टिसायझर, ३०% घन. मा-१ ला बाइंडरच्या ०.२५% घन लागले: १.१२५ ग्रॅम घन म्हणजे ३.७५ ग्रॅम द्रव, त्यातले २.६ ग्रॅम पाणी वजा करून मिश्रणाचे पाणी २२२.४. मा-२ ला ०.३०, मा-३ ला ०.३८. बेंटोनाइटचा हिशेब इथे चुकता झाला: भाजल्यावरही ती माती प्लास्टिसायझर जास्त पिते.

प्लास्टिसायझर पहिल्या पाण्यात घालायचा नाही. तीन चतुर्थांश पाण्याने एक मिनिट ओले करून मग उरलेल्या पाण्यासोबत. सुरुवातीलाच घातला तर मातीचे कोरडे पृष्ठ तो गिळून टाकते आणि अर्ध्या तासात माल पुन्हा आखडतो.

दुसऱ्या दिवशी टिकाऊपणासाठी काँक्रीट ओतले: बाइंडर घनमीटरला ३६० किलो, पाणी-बाइंडर प्रमाण ०.४५.

११ जून

कांड्यांची वजने तिन्हीकडे ५७० ते ५७८. ताकद, तिघींची सरासरी, मेगापास्कलमध्ये, ३, ७ आणि २८ दिवस:

साधे सिमेंट: २७, ३९, ५२
मा-१: २१, ३८, ५१
मा-३: १९, ३३, ४७
मा-२: १७, २७, ४०

मा-१ च्या २८ दिवसांच्या आकड्यांत तिन्ही ठिकाणचा फरक २ मेगापास्कल. हा आकडा आता बाहेर देता येईल.

तीन दिवसांची ताकद मात्र सगळ्यांचीच मागे आहे. साचे लवकर काढायचे असतील तिथे हे आधीच सांगितले पाहिजे, नंतर नाही.

१९ जून

एक्स-किरण विवर्तन (कोणते स्फटिक तयार झाले ते दाखवणारे) आणि संगणकी प्रतिमान ताडून पाहिले. प्रतिमानासाठी सेमडेटा १८ ही ऊष्मागतिकी माहिती वापरली, जी एम्पा या स्विस साहित्य-संशोधन संस्थेतल्या बार्बरा लोथेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवली आणि सर्वांना खुली ठेवली आहे. अशा खुल्या कामाशिवाय लहान प्रयोगशाळेला हे गणित करताच आले नसते. मा-१ मध्ये २८ दिवसांना कॅल्शियम हायड्रॉक्साइड जवळजवळ संपलेला, आणि १०.८ व ११.७ अंशांच्या कोनांना हेमी व मोनोकार्बोॲल्युमिनेटची शिखरे. चुनखडी नुसती भर म्हणून बसलेली नाही, मातीच्या ॲल्युमिनाशी जुळते आहे. मा-२ मध्ये हीच शिखरे ठेंगणी.

कार्बनचा हिशेब, ढोबळ: क्लिंकरला किलोमागे ०.८५ किलो कार्बन डायऑक्साइड, भाजलेल्या मातीला ०.२७ धरून. साधे सिमेंट ०.८१, आपले मिश्रण ०.५१. बचत ३७%. पण ताकदीने भागले की चित्र बदलते. दर मेगापास्कलला साधे सिमेंट १५.६ ग्रॅम, मा-१ १०.०, मा-३ १०.९, मा-२ १२.८. मा-२ चा फायदा मा-१ च्या निम्मा. त्यात ओल धरली नाही. टनभर कोरड्या मातीमागे २५० किलो पाणी असेल तर ते उडवायला सुमारे ६५० मेगाजूल जातात. ओली माती थेट भट्टीत घालणे म्हणजे वाफेला इंधन विकत घेणे. पातळ थरात उघड्यावर वाळवून मगच भट्टी.

२ जुलै

पोकळ ठोकळे. वाळूच्या जागी पाडकामाच्या काँक्रीटचा चुरा, ५ मिमीखालचा. घाणा: बाइंडर १२ किलो, १० मिमी खडी ४२, चुरा ५४.

चुऱ्याचे जलशोषण ७.६%, अंगची ओल २.१%. फरक ५.५%, म्हणजे ५४ किलोला ३ किलो पाणी. ते आधी घालून दहा मिनिटे थांबायचे. न थांबता मिश्रण केले तर चुरा बाइंडरचेच पाणी ओढतो, ठोकळा साच्यातून निघताना कडा झडतात.

साध्या सिमेंटला मिश्रणाचे पाणी ६.० किलो पुरले. तेवढ्यावर मा-१ चा माल मुठीत दाबला तर गोळा होतो, पण अंगठ्याने दाबताच भुगा. ६.६ किलोवर गोळा दोन तुकड्यांत मोडतो, भुगा होत नाही, तळव्यावर ओल उमटते पण पाणी सुटत नाही. तोच बिंदू धरायचा.

चुऱ्याबद्दल इशारा: पाडकामात जिप्समचा गिलावा येतो. तो मिसळलेला चुरा वापरला तर मार्चमध्ये एवढे जपून बसवलेले सल्फेटचे संतुलन मोडते, आणि पुढे ठोकळा फुगून तडकतो. मूठभर चुरा पाण्यात हलवून, गाळून, त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब आणि बेरियम क्लोराइड. दाट पांढरा ढग आला तर ती खेप बाजूला काढून नीट मोजायची. पाण्यात विरघळणारे सल्फेट ०.२% च्या आत हवे. आजच्या चार खेपांपैकी एक बाद झाली.

३० जुलै

ठोकळे २८ दिवस: साधे ९.१, मा-१ ८.८, मा-३ ८.१ मेगापास्कल. मा-२ चे ओतले नव्हते.

१३ ऑगस्ट

क्लोराइड, ९० दिवसांच्या काँक्रीटवर, एनटी बिल्ड ४९२ या नॉर्डिक प्रमाण पद्धतीने. ५० मिमी जाडीच्या चकत्या, एका बाजूला १०% मिठाचे पाणी, दुसऱ्या बाजूला ०.३ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. मा-१ मधून ३० व्होल्टला वीज इतकी कमी वाहिली (५ मिलिअँपिअरच्या आत) की ६० व्होल्ट आणि ९६ तासांवर जावे लागले. नेहमीच्या २४ तासांत क्लोराइड इतका कमी शिरतो की पट्टीने मोजता येत नाही, आणि ‘शून्य’ लिहिले जाते. तसे लिहू नये.

फोडून रजत नायट्रेट फवारले; क्लोराइड पोहोचला तिथवर ते पांढरे होते. स्थलांतर गुणांक, कमी तितका बरा (वर्ग मीटर प्रति सेकंद, सगळ्यांना १० चा उणे बारावा घात): साधे १२.४, मा-१ १.६, मा-३ २.३, मा-२ ४.१. दुबळ्या मा-२ नेही क्लोराइड तिपटीने अडवला. तिची शिफारस करताना हे विसरायचे नाही.

४ सप्टेंबर

कार्बोनेशन. २८ दिवस पाण्यात, १४ दिवस वाळवण, मग ३% कार्बन डायऑक्साइड, २० अंश, ५७% आर्द्रता, ७० दिवस. फिनॉल्फ्थॅलिनची फवारणी; जिथवर रंग येत नाही ती कार्बोनेशनची खोली.

साधे सिमेंट ५ मिमी. मा-१ ११ मिमी. मा-१, पण फक्त तीन दिवस पाणी मारलेले: १७ मिमी.

हा निकाल झाकायचा नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड संपलेला असतो, त्यामुळे हवेतला वायू थोपवणारा साठा कमी. पाणी मारणे लवकर थांबवले की छिद्रे उघडी राहतात आणि नुकसान दुहेरी होते. शिफारस अशी लिहिली: ठोकळे, फरसबंदी, विनासळई कामांना मोकळेपणाने. सळई असलेल्या, कोरड्या-ओल्या हवेत उघड्या राहणाऱ्या भागांना सात दिवस सलग ओलावा आणि सळईवरचे आवरण वाढवूनच. कायम पाण्यात किंवा खाऱ्या पाण्याच्या जागी हेच मिश्रण साध्यापेक्षा बरे.

१८ सप्टेंबर

आकडेवारीचा संच बंद केला. कच्च्या धारिका, बाद झालेली एप्रिलची ओतणी आणि ‘१२०’ चा तक्ता दुरुस्तीसह त्यात ठेवला. लेखावरच्या नावांचा क्रम जानेवारीत ठरवला तसाच: भाजणी, दळण, कांड्या तोडणे, मापन, गणित, लेखन, ज्याने जे केले ते नावासमोर. भट्टीवर उभ्या राहिलेल्या दोघी तंत्रज्ञांची नावे लेखकांत आहेत, आभारात नाहीत.

पुढची खेप: मा-१ आणि मा-२ निम्मे-निम्मे, केओलिनाइट ३२%. वेगवेगळ्या भाजून मिसळायच्या, मा-१ ८०० ला, मा-२ ७०० ला. एकत्र भाजता येत नाहीत. पिशव्या भरून झाल्या, १० किलोच्या आठ.